म्युनिकहून गाडीने पहिली स्की-सहल: रविवार सकाळच्या साडेनऊपासून उलटं मोजा

आमच्या पहिल्या स्की-सहलीच्या वेळी आम्ही आधी राहायच्या घरांचे फोटो पाहिले, मग उतारांचा नकाशा, मग उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टच्या पासचे दर. पहिल्या सकाळचा विचार कोणीच केला नाही, आणि घोळ झाला तो तिथेच. सहा वर्षांची लेक स्की-शाळेच्या कुंपणापाशी रडत उभी होती, कारण तिचे भाड्याचे बूट रात्रभर गाडीच्या डिकीत राहिले होते. थंडीने प्लास्टिक इतकं ताठ झालं होतं की पाय आत जाईना. मी बुटाची जीभ पुढे ओढून धरली, नवऱ्याने तिला मागून उचलून खाली दाबलं, तेव्हा कुठे टाच बसली. तोवर तिची तुकडी मुलांना उभ्या उभ्या उतारावर नेणाऱ्या फिरत्या पट्ट्यावरून वर गेली होती.

तेव्हापासून मी नियोजन उलटं करते. पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊला मूल नीट झोपून उठलेलं, पोटभर खाल्लेलं, उबदार बुटात पाय घातलेलं असं शाळेच्या दारात उभं असायला हवं. बाकी सगळं, कोणता आठवडा, कुठलं घर, किती वाजता निघायचं, टायर कोणते, हे त्या क्षणापासून मागे मोजत यायचं. मोठ्यांना जमणारा उतार आणि मोठ्यांना परवडणारी घाई यावर सहल आखली की मुलं दुसऱ्याच दिवशी "घरी जाऊया" म्हणतात.

उदाहरण आमच्या नेहमीच्या ठिकाणाचं घेते. ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतात विल्डर कायझर नावाचे उभे, राखाडी कडे आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी गोइंग, एल्माउ, शेफाउ, झ्योल ही गावं एका ओळीत आहेत. म्युनिकहून एल्माउ सव्वाशे किलोमीटरच्या आत. रस्ता मोकळा असला तर दीड तास. जर्मनीत आयटीच्या नोकरीनिमित्त आलेली आणि कधी स्कीवर उभी न राहिलेली मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. त्यांना मी हेच ठिकाण सुचवते.

जागा आणि आठवडा

नवशिक्यांनी उतारांचे एकूण किलोमीटर बघू नयेत. बघायचं ते असं: मुलांचा सरावाचा भाग गावातच, सपाटीवर आहे का, तिथे फिरता पट्टा आहे का, आणि घरापासून चालत किंवा स्कीबसने तिथे पोचता येतं का. ऑस्ट्रियात निळा उतार सोपा, लाल मधला, काळा अवघड. नकाशावर डोंगराच्या माथ्यावरून गावापर्यंत सलग निळी रेघ येते का तेही पाहा. ती नसेल तर नवशिक्याला खाली उतरायला गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा बंद पाळणाच घ्यावा लागतो. त्यात कमीपणा काही नाही, पण ते आधी ठाऊक असावं.

विल्डर कायझरची गावं जेमतेम सातशे-आठशे मीटर उंचीवर आहेत. त्यामुळे रस्ता सोपा आणि घाट जवळपास नाहीच, पण नैसर्गिक बर्फाची खात्री हिमनदीवरच्या ठिकाणांइतकी नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला आणि मार्चच्या शेवटी इथे जाण्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारी बरा.

माझ्या मते सगळ्यात चांगले दिवस म्हणजे ६ जानेवारीच्या सणानंतरचे दोन-तीन आठवडे. नाताळची गर्दी ओसरलेली असते, फेब्रुवारीच्या सुट्ट्या लागलेल्या नसतात, घरभाडंही खाली येतं. मुलं बालवाडीत असतील तर हा काळ सोडूच नका. एकदा शाळा सुरू झाली की जर्मनीत सुट्टीबाहेर मूल घरी ठेवता येत नाही, तेव्हा बव्हेरियाची फाशिंगची म्हणजे कार्निव्हलची सुट्टी हाच पर्याय उरतो. त्या आठवड्यासाठी आम्ही उन्हाळ्यातच घर ठरवून टाकतो.

ठरवण्याचा क्रम

आधी शाळा, मग घर. उलट केलं की हमखास फसतं. घर छान मिळतं, पण पाच वर्षांच्या मुलाची तुकडी भरलेली असते. मुलांचे गटवर्ग बहुतेक ठिकाणी रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात आणि गुरुवार-शुक्रवारी छोट्या शर्यतीने व पदकाने संपतात. मध्येच घुसलेलं मूल तीन दिवस मागेच राहतं. नोंदणी करताना जेवणाच्या सुट्टीत मुलं सांभाळतात का, शिक्षक इंग्रजी बोलतात का, आणि कोण शाकाहारी आहे, हे तिन्ही लिहून विचारा.

वयाचं म्हणाल तर तिसऱ्या वर्षापासून घेतात. माझा अनुभव असा की चारच्या आत पैसे वाया जातात. त्या वयाला बर्फात लोळू द्यावं, बादली-फावडं द्यावं.

घर घेताना स्वयंपाकघर असलेलं घ्या. जाहिरातीतल्या भाड्यात शेवटच्या साफसफाईचे पैसे आणि माणशी रोजचा पाहुणा-कर बहुतेक वेळा धरलेला नसतो, तो मिळवूनच तुलना करा. बूट सुकवायची गरम खोली आहे का, हे नक्की विचारा. जर्मनमध्ये तिला श्कीराउम म्हणतात. आमची पहिली सकाळ तिथेच वाचली असती.

स्की आणि बूट पहिल्या दोन-तीन वर्षांत भाड्यानेच घ्या. मुलांचा पाय वर्षाला दोन मापं पुढे जातो. दुकानात तुमचं वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाची लांबी विचारतात. त्यावरून बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा आकडा लावतात आणि पडल्यावर स्की पायातून सुटणार की नाही ते त्यावर ठरतं. आपण वजन लपवलं तर स्की नको तेव्हा सुटते आणि धोका आपल्यालाच. बुटात एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा हवा. आपली सवय लोकरीचे दोन मोजे चढवायची, पण दुसऱ्या मोज्याने रक्त दबतं आणि पाय उलट जास्त गारठतो. पँटचं टोकही बुटात खोचू नका. माप तपासायचं ते असं: सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे हलकाच टेकायला हवा आणि गुडघे वाकवले की तो मागे सुटायला हवा.

लिफ्टचा पास मात्र आधीच सहा दिवसांचा घेऊ नका. पहिले दोन-तीन दिवस नवशिक्याला फक्त सरावाच्या छोट्या लिफ्ट लागतात, आणि त्यांचं वेगळं, स्वस्त तिकीट मिळतं. लहान मुलांना बऱ्याच ठिकाणी पास फुकट असतो, पण वयाचा पुरावा मागतात.

गाडी

ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ, निसरडा चिखल किंवा गोठलेलं पाणी असेल तर चारही चाकांना हिवाळी टायर सक्तीचे आहेत. त्यांची खाच किमान ४ मिलीमीटर हवी. इथेच जर्मनीतून जाणारे चुकतात, कारण जर्मनीत कायद्याची मर्यादा १.६ मिलीमीटर. इकडे चालणारा टायर सीमेपलीकडे कायद्याने हिवाळी टायर उरतच नाही. दोन युरोचं नाणं खाचेत उभं घाला. त्याची चंदेरी कड ४ मिलीमीटर रुंद असते. ती पूर्ण बुडाली नाही तर टायर बदला. भाड्याची किंवा ऑफिसची गाडी असेल तर हे आदल्या दिवशी नाही, आदल्या आठवड्यात बघा.

साखळ्या गाडीत असाव्यात. गोल निळ्या पाटीवर साखळी लावलेलं चाक दिसलं की तिथून पुढे किमान दोन चाकांना साखळ्या चढवणं बंधनकारक आहे. त्या इंजिन ज्या चाकांना ओढतं त्यांना लावायच्या, आणि वेग ५० च्या वर न्यायचा नाही. मुख्य रस्ता सहसा साफच असतो. अडचण येते ती शेवटच्या तीनशे मीटरवर, घरमालकाच्या चढावर, अंधारात, मुलं मागे कंटाळलेली असताना. म्हणून घरीच तळघरातल्या पार्किंगमध्ये एकदा तालीम करा. साखळी जमिनीवर पसरायची, कड्या उलट्या झालेल्या नाहीत हे हाताने चाचपायचं, आतली कमान चाकामागून सरकवून वर जोडायची, मग बाहेरची बाजू ओढून ताणायची. शंभरेक मीटर चालवून पुन्हा ताण बघायचा. नवऱ्याला पहिल्यांदा पंचवीस मिनिटं लागली, तिसऱ्यांदा सहा. साखळ्यांच्या पिशवीत रबरी हातमोजे, डोक्याला लावायची बॅटरी आणि गुडघ्याखाली घ्यायला जुनी योगाची चटई ठेवा.

गाडीत प्रथमोपचार पेटी, त्रिकोण आणि चमकतं जाकीट हवंच. जाकीट डिकीत नको, हाताशी हवं, कारण ते घालूनच खाली उतरायचं असतं. काच धुण्याच्या पाण्यात गोठणरोधक घाला. रस्त्यावरच्या मिठाने काच दर दहा मिनिटांनी पांढरी होते आणि साधं पाणी नळीतच गोठतं. इलेक्ट्रिक गाडीचा पल्ला थंडीत चांगलाच कमी होतो, तेव्हा निघताना भरलेली बॅटरी आणि मुक्कामाच्या जागी चार्जिंग, दोन्हींची सोय करा.

सामान भरताना बूट आणि डबे यांसारख्या जड गोष्टी डिकीत, मागच्या सीटला टेकवून खाली ठेवा. स्की छतावरच्या पेटीत, टोकं मागच्या दिशेला करून. छताची वजनमर्यादा गाडीच्या पुस्तिकेत असते. बऱ्याच गाड्यांना ती ७५ किलोच्या आसपास असते आणि पेटीचं वजनही त्यातच धरायचं. सुट्या स्की सीटच्या मधून आडव्या टाकून नेऊ नका, जोरात ब्रेक लागला की त्या भाल्यासारख्या येतात. आणि मुलांचं जाड जाकीट काढूनच पट्टा बांधा. फुगीर जाकिटावरून पट्टा घट्ट वाटतो, पण आत तो सैलच राहतो.

शनिवारचा रस्ता

आल्प्समधली घरं शनिवार ते शनिवार भाड्याने जातात. म्हणजे त्या दिवशी निम्मे पाहुणे येत असतात आणि निम्मे जात असतात, सगळे त्याच रस्त्याने. म्युनिकहून आठ क्रमांकाचा ऑटोबान, इर्शनबर्गची चढण, मग इनटाल-ड्रायएक या फाट्याला उजवीकडे ९३ क्रमांकाच्या ऑटोबानवर, कीफर्सफेल्डनला सीमा आणि कुफश्टाइन-झ्यूडला बाहेर. नऊ वाजता निघालात तर इर्शनबर्गलाच रांग लागते. आम्ही सहाला निघतो. मुलं रात्रीच्याच कपड्यांत, पांघरुणासकट सीटवर. आठच्या आत पोचतो. घराची चावी दुपारी तीन-चारला मिळते हे खरं, पण मधल्या वेळेचा उपयोग पुढे सांगते.

ऑस्ट्रियाच्या ऑटोबानला विन्येट म्हणजे पथकराचा परवाना लागतो. मात्र सीमेपासून कुफश्टाइन-झ्यूडपर्यंतचा तुकडा डिसेंबर २०१९ पासून त्यातून वगळला आहे. एल्माउसाठी तिथेच उतरायचं असल्याने विन्येट लागत नाही. पण गर्दी असली की फोनमधला नकाशा पुढे वोर्गल-ओस्टला ऑटोबान सोडायला सांगतो. त्याचं ऐकलंत तर विन्येटशिवाय पकडले जाल, आणि कॅमेरे नंबरपाटी वाचतात. होप्फगार्टन किंवा वेस्टनडॉर्फ या जवळच्या गावांना जाणाऱ्यांना वोर्गलचाच रस्ता सोयीचा, त्यांनी परवाना आधी घ्यावा. डिजिटल परवाना घेताना तो कोणत्या तारखेपासून लागू होतो ते वाचा आणि नंबरपाटीचं अक्षर न् अक्षर ताडून बघा.

नकाशा सुचवतो त्या गावांमधल्या आडवाटाही घेऊ नका. गर्दीच्या शनिवार-रविवारी टिरोलमध्ये अशा अनेक वाटा नुसत्या गावातून पार जाणाऱ्या गाड्यांना बंद असतात आणि पोलीस परत पाठवतात. तिथल्या लोकांना आपल्याच गावात रस्ता ओलांडता येईना, म्हणून ही बंदी आली.

रांग लागली की रुग्णवाहिकेसाठी मधली वाट सोडायची. सगळ्यात डावीकडच्या गाड्यांनी डावीकडे सरकायचं, बाकी सगळ्यांनी उजवीकडे, तेही गाडी पूर्ण थांबण्याआधी. दोन्ही देशांत हा कायदा आहे. मुलांना याचं कारण सांगा, मग तीच मागून आठवण करतात.

पोचल्यापासून झोपेपर्यंत

सकाळी लवकर पोचल्याचा फायदा आता कळतो. भाड्याचं दुकान रिकामं असतं. दुपारी चारनंतर तिथे चाळीस माणसं मोजे हातात घेऊन उभी असतात आणि दुकानदाराला एका पायाला दोन मिनिटं मिळतात. सकाळी तो मुलाला बूट घालून दहा मिनिटं दुकानात चालवतो, टोचतंय का विचारतो, बदलून देतो. हेल्मेट तिथेच घ्या. टिरोलमध्ये कायद्याने सक्ती नाही, पण शाळा हेल्मेटशिवाय मूल घेत नाहीत. शेजारच्या झाल्झबुर्ग प्रांतात १५ वर्षांपर्यंत सक्तीच आहे.

मग दुकान-वाण्याचं काम. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात आणि शनिवारी संध्याकाळी सहाला बंद होतात. दूध, दही, भाज्या, पाव, अंडी, केळी हे शनिवारी दुपारीच घ्या. पीठ, डाळ, तांदूळ, मसाला घरून. आणि कुकर नेणार असाल तर घराच्या शेगडीची चौकशी करा, कारण इंडक्शनवर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. एका वर्षी आमची मूगडाळ त्यामुळे पातेल्यात तासभर रटरटत होती.

दुपारी मुलांना शाळेचं कुंपण दाखवून आणा. कुठे उभं राहायचं, शू कुठे करायची, पट्टा कसा फिरतो, हे ओळखीचं झालं की सकाळी रडणं निम्मं होतं. रात्री बूट, हातमोजे आणि हेल्मेट गरम खोलीत. गाडीचा हँडब्रेक गोठू शकतो, म्हणून सपाट जागी गिअरमध्ये उभी करा. वायपर उभे करून ठेवा.

साडेनऊ

सातला उठा. मऊभात-मेतकूट, किंवा दूध-पोळी, काहीही चालेल. पोटात काही तरी गरम हवं. सनस्क्रीन ढगाळ असलं तरी लावा, ताजा बर्फ ऊन परतवतो आणि हनुवटीच्या खालूनही चेहरा भाजतो. शाळेत द्यायच्या मुलाच्या खिशात आपला फोन नंबर आणि घराचा पत्ता लिहिलेला कागद ठेवा. पास डाव्या खिशात ठेवा, कारण फाटकाचं यंत्र डावीकडे असतं.

मग सोडा आणि जा. हे कठीण असतं. कुंपणाला टेकून आई उभी दिसली की मूल शिकत नाही, आईकडेच बघत राहतं. शिक्षक "पिझ्झा!" म्हणून ओरडतात तेव्हा स्कीची टोकं जवळ आणायची म्हणजे वेग कमी होतो. "पोमेस!" म्हणजे बटाट्याच्या कापांसारख्या दोन्ही स्की समांतर करायच्या, आणि गाडी सुटते. आमच्या घरी ते शब्द अजून जिन्यावरून उतरताना ऐकू येतात.

मोठ्यांनीही शिकवणी घ्यावी. नवऱ्याने बायकोला आणि बायकोने नवऱ्याला शिकवू नये, एवढंच मी कळकळीने सांगेन. उतारावरचा महत्त्वाचा नियम असा की पुढे जो आहे त्याचा हक्क आधी, मागून येणाऱ्याने सांभाळायचं. थांबायचं तर कडेला, अरुंद जागी किंवा उंचवट्यामागे नाही. दुपारी तीननंतर पाय थकतात आणि बर्फही खरवडलेला असतो. "शेवटची एक फेरी" तेव्हा नको.

डोंगरावरच्या हॉटेलांत शाकाहाऱ्यांनी सुपाकडे लक्ष ठेवावं. चीजचे चपटे गोळे घातलेलं कासप्रेसक्न्योडल सूप ऐकायला शाकाहारी वाटतं, पण त्यातला रस्सा बहुधा गोमांसाचा असतो. तोच गोळा कोबीच्या कोशिंबिरीबरोबर मागा. चीजचं श्पेट्झले, म्हणजे पिठाचे उकडलेले मऊ तुकडे, मागताना वर हॅमचे तुकडे नकोत असं सांगा. अंड्याचं चालत असेल तर कायझरश्मार्नचं, म्हणजे तुकडे केलेल्या गोड, जाड पॅनकेकचं एक ताट दोन मुलांना पुरतं.

कागद, विमा आणि आई-बाबा

भारतीय पासपोर्ट असलेल्या प्रत्येकाने मूळ पासपोर्ट आणि जर्मनीचं निवासी कार्ड बरोबर ठेवावं. २०१५ पासून जर्मनी ऑस्ट्रियाकडून येणाऱ्या गाड्या तपासतं, आणि फोनमधला फोटो तिथे चालत नाही.

जर्मनीचं सरकारी आरोग्य कार्ड ऑस्ट्रियातल्या करारातल्या डॉक्टरांकडे चालतं, पण डोंगरावरून खाली आणण्याचा आणि हेलिकॉप्टरचा खर्च त्यात येत नाही. तो हजारो युरोंत जातो. प्रवासविमा घेताना "बचावकार्य" हा शब्द शोधा. दुसऱ्याला धडकलात तर उपयोगी पडणारा व्यक्तिगत दायित्वविमा कुटुंबातल्या सगळ्यांना लागू आहे का, तेही बघा. ऑस्ट्रियात डोंगरी बचावाचा नंबर १४०, युरोपभर ११२.

भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांना जरूर न्या. त्यांच्या व्हिसासाठी काढलेल्या विम्यात बर्फावरचे खेळ बहुधा नसतात, म्हणून स्की आणि टोबोगन म्हणजे बर्फावरची घसरगाडी त्यांच्यासाठी नको. पण पायी फिरणाऱ्यांसाठी गोंडोलाचं वेगळं तिकीट मिळतं आणि वर दाबून सपाट केलेल्या चालायच्या वाटा असतात. बाबांना आम्ही बुटांखाली चढवायचे रबरी काटे घेऊन दिले, पंधरा-वीस युरोंत येतात. सांगलीच्या उन्हात वाढलेले माझे बाबा एल्माउच्या वरच्या हार्टकायझर डोंगरावर अर्धा तास एका बाकावर बसून होते. आईने फ्लास्कमधला आल्याचा चहा दिला, तो त्यांनी हातात तसाच धरून ठेवला होता.

परत

शेवटच्या शनिवारी दहापर्यंत घर सोडावं लागतं, आणि तेव्हाच सगळे निघतात. स्की शुक्रवारी संध्याकाळीच परत करा. आम्ही गाडी भरून गावातच थांबतो, मुलं बर्फात खेळतात, आणि दुपारचा लोंढा ओसरला की संध्याकाळी सहाच्या सुमाराला निघतो. पासपोर्ट पुढच्या कप्प्यात, राहिलेल्या पोळ्यांचे रोल मागे मुलांच्या हाताशी. साखळ्या वापरल्या असतील तर घरी पोचल्यावर लगेच कोमट पाण्याने धुवा आणि न्हाणीघरात पसरून वाळवा, नाहीतर रस्त्यावरच्या मिठाने पुढच्या हिवाळ्यापर्यंत कड्या गंजून एकमेकींना चिकटतात.